होल्डरसकट रॉड गेला. नवीन कुठला घेऊ आणि कसा बसवू? (१२ फुटी फायबर होडी, हिडकल)

मागवाला_वडगाव:

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो. घरात चार माग आहेत. आठवडाभर कानात धोट्याचा खडखडाट, म्हणून सुट्टी मिळाली की हिडकल धरणाच्या पाण्यावर गळ टाकून गप्प बसतो. सासुरवाडी हुक्केरी तालुक्यातली, परड्यातून उतरलं की पाणीच. मेहुण्याच्या आणि माझ्या भागीत एक जुनी १२ फुटी फायबरची होडी आहे. इंजिन नाही, वल्ही मारतो. मासे धरायचा सोसायटीचा पास काढलेला आहे, तेव्हा त्यावरून सुरू होऊ नका.

झालं असं. दोन महिन्यांमागं ऑनलाइन दोन रॉड होल्डर मागवले, गळाचा रॉड अडकवून ठेवायला. काळे, प्लॅस्टिकचे, खाली चौकोनी बूड, त्याला चार भोकं, सोबत पुडीत स्क्रू. होडीच्या मागच्या अंगाला बसायचा जो बंद कट्टा असतो त्याच्यावर ड्रिलनं भोकं पाडली आणि दिले आवळून. हातानं हलवून बघितलं, लई घट्ट. मेहुणा तर म्हणाला, याला म्हैस बांधली तरी हलायचं नाही.

परवाच्या सुट्टीला पहाटे कणकेचा गोळा लावून दोन रॉड टाकले. हुन्नूरच्या विठ्ठलाचं देऊळ अजून पाण्याखालीच आहे, म्हणजे पाणी भरपूर. साडेआठच्या सुमारास मी डबा उघडला. पहिला घास तोंडात, आणि मागं ‘कट्ट’ असा आवाज. वळून बघतो तर होल्डर, रॉड, रीळ, सगळं एकत्र पाण्यावरून सरकत चाललंय. दहा-बारा हात गेलं आणि बुडालं. कटला असणार, आणि बारका नसणार. रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरा धरून ठेवणारा ब्रेक, मी पूर्ण आवळून ठेवलेला, ही माझी चूक, आधीच कबूल करतो. कट्ट्यावर चार भोकं राहिली आणि त्यांच्याभोवती पांढरा भुगा.

रॉड मेहुण्याचा होता. तो काय म्हणाला ते कन्नडमध्ये होतं, ते तिथंच राहू दे.

आता विचारायचंय ते असं. नळीसारखा होल्डर बरा का वरून उघडा असतो तो? स्टील घ्यावं का प्लॅस्टिक चालतं? आणि मुख्य म्हणजे बसवायचा कसा? मोठे स्क्रू मारू का? खालून नट लावावा तर कट्टा बंद आहे, आत हात जात नाही. आणि हो, दुसरा होल्डर अजून जाग्यावर आहे, पण आता त्याच्यावर माझा विश्वास नाही.


सदलग्याचा_निवांत:

होल्डर कशाला पाहिजे मर्दा? आमच्या दूधगंगेच्या काठावर बेचक्याची काठी रोवायची, त्यात रॉड टेकवायचा. आणि डबा मासा लागल्यावर उघडायचा.


लेथवाला_उद्यमबाग:

सदलगेकर, होडीत बेचकं कुठं रोवणार, फायबरमध्ये?

वडगावकर, तुमचा होल्डर वाईट नव्हता. बुडाशी काय चाललेलं असतं ते एकदा हिशेबानं बघा. मी उद्यमबागेत लेथ चालवतो, आमचं डोकं असंच चालतं. रॉड ८ फुटी धरू. होल्डरच्या तोंडातून शेंड्यापर्यंत साधारण २०० सेंटिमीटर. माशानं ५ किलोच्या जोरानं ओढलं तर ५ गुणिले २००, म्हणजे १०००. बुडाच्या पुढच्या आणि मागच्या स्क्रूंमधलं अंतर किती? फार तर ५ सेंटिमीटर. १००० भागिले ५. म्हणजे मागच्या जोडीवर २०० किलोची उपट, एकेका स्क्रूला १००. रॉड वाकतो, त्यामुळं प्रत्यक्षात थोडं कमी. पण चार मिलिमीटर जाडीच्या फायबरमध्ये स्क्रूला धरायला दोन-तीन आटे मिळतात. ते काय १०० किलो धरणार? आणि हातानं हलवून बघितल्यावर घट्टच लागतं, कारण हातानं तुम्ही नळीच्या तोंडाशी हलवता, २०० सेंटिमीटरवर नाही.

मोठा स्क्रू मारला तर भोक मोठं होईल आणि पुढच्या वेळी भुगा जास्त पडेल, एवढाच फरक. आरपार बोल्ट पाहिजे, ६ मिलिमीटरचा. खालून नुसता वॉशर नको, तळहाताएवढी जाड पट्टी पाहिजे. ५-६ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची चालते, १२ मिलिमीटरचा मरीन प्लायही चालतो, फक्त त्याच्या कडा इपॉक्सीनं बंद करा. ओढ त्या सगळ्या पट्टीवर पसरते.

दुसरी गोष्ट, बूड लहान असलेला होल्डर घेऊच नका. नळीच दोन ठिकाणी धरलेली असेल, वर एक पकड आणि खाली २० सेंटिमीटरवर दुसरी, तर तेच १००० भागिले २०. पन्नास किलो. चौपट फरक, पैसा न घालता.

पण हे सगळं नंतर. आधी एक सांगा. ती चार भोकं ज्या बंद कट्ट्यावर पाडलीत, तो नुसता बसायचा कट्टा आहे का हवाबंद पेटी? होडी उलटली तर तरंगावी म्हणून फायबरच्या होडीला पुढं-मागं अशी बंद पेटी ठेवतात. तिच्या मागच्या तोंडाला बूच असतं. बघा आणि लिहा. तोवर होडी पाण्यात घालू नका.


मागवाला_वडगाव:

आज मुद्दाम जाऊन आलो. बूच आहे. उघडलं तर बादलीभर पाणी आलं, वर आणि थोडं. गेले दोन महिने होडी मागून खाली बसतेय असं मला वाटत होतं, पण मी ते मेहुण्याच्या पोटावर ढकलत होतो. तसं त्याला बोलूनही दाखवलं होतं. आता काय तोंडानं सांगू?

जाग्यावर असलेला दुसरा होल्डर काढला. त्याच्या स्क्रूंच्या भोकातूनही ओल आत गेलेली दिसते.


वेंगुर्ल्याचा_भाचा:

मेहुण्याला आधी चहा पाजा. मग सांगा.

माझं आजोळ खानापूर, राहायला वेंगुर्ल्यात. होडी खाऱ्या पाण्यातली, त्यामुळं माझं सगळंच तुम्हाला लागू होणार नाही, पण काही सांगतो. आमच्याकडे काठातच भोक पाडून बसवायचे होल्डर जास्त. वरून नुसतं तोंड दिसतं, नळी खाली जाते. सरळ, १५ अंश, ३० अंश असे कलते मिळतात. चालत्या होडीतून आमिष ओढायचं असेल तर ३० बरा. त्यांच्या बुडाशी एक आडवी पिन असते, रॉडच्या बुडाला फुलीसारखी खाच असेल तर ती त्यात बसते आणि रॉड स्वतःभोवती फिरत नाही. तुमच्या रॉडला नुसतं रबराचं बूड असेल तर ही पिन त्या रबराची चाळण करते. तुमच्या १२ फुटीला या भानगडीत पडू नका. खाली नळी लोंबणार आणि बसल्यावर गुडघ्याला लागणार. नळी खालून उघडी असेल तर पावसाचं पाणी होडीत, ते वेगळं.

नळी का उघडा? बंद नळीत रॉड पक्का राहतो, पण मासा ओढत असताना तो बाहेर येत नाही, हे लक्षात ठेवा. सरळ वर उचलायला गेलात तर अडकतो. नळीच्या रेषेतच मागं खेचावा लागतो, आणि गडबडीत ते सुचत नाही. उघड्या होल्डरातून रॉड पटकन उचलता येतो, पण लाट आली, होडी कलली की तो उड्या मारतो. तुमच्या धरणात लाट कसली? तरी मी नळीच म्हणेन, पण समोरून खाच कापलेली. तुम्ही जी रीळ वापरता ती रॉडच्या खाली लोंबणारी असेल ना? तिचा पाय नळीच्या काठावर टेकतो आणि रॉड पूर्ण आत बसतच नाही. खाच असली की पाय त्यात उतरतो. रॉड गोल फिरायचाही थांबतो.

स्टीलचं म्हणाल तर आम्हाला ३१६ ग्रेडशिवाय गत्यंतर नाही. तुमच्या गोड्या पाण्यात ३०४ पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.

आणि दोरी! प्रत्येक रॉडला गाठ मारून तीन-चार हात नायलॉन दोरी, दुसरं टोक होडीला. होल्डर निघो, नळी तुटो, रॉड घरात राहतो. ही दोरी असती तर आज हा प्रश्नच नसता. म्हणजे होल्डरचा असता, रॉडचा नसता.


लेथवाला_उद्यमबाग:

भाच्यांचं खाचेचं बरोबर आहे, ते माझ्या डोक्यात नव्हतं. मी काठावरून गळ टाकणारा माणूस.

आता पेटीची दुरुस्ती. बूच काढून ठेवा, होडी मागून उताराला लावा, आठवडाभर उन्हात वाळू द्या. आत ओल असताना वरून बंद केलंत तर काही उपयोग नाही. प्रत्येक भोकाभोवती दोन बोटं रुंद जागा पॉलिश पेपरनं घासून बशीसारखी खोलगट करा. आतून हात जात नाही म्हणून बाहेरूनच काचेच्या विणलेल्या कापडाचे तुकडे, खाली लहान, वर मोठा, इपॉक्सी लावून बसवायचे. फायबरचे दरवाजे नाहीतर टाक्या करणारे असतात त्यांच्याकडं ते सुट्टं मिळतं. ते पॉलिस्टर रेझिन देतील, कारण त्यांचं रोजचं तेच असतं. पण वाळून जुन्या झालेल्या फायबरला इपॉक्सी जास्त धरते. सिलिकॉन भोकात भरून मोकळं व्हायचा मोह होईल. नका करू. ते सुटतं, आणि एकदा तिथं सिलिकॉन लागलं की नंतर त्याच्यावर काहीच चिकटत नाही.

होल्डर आता त्या पेटीवर बसवायचे नाहीत. कुठं बसवायचे ते मी सांगू शकत नाही, तुम्हालाही आत्ता सांगता येणार नाही. म्हणून असं करा. दोन्ही काठांवर टेकेल एवढी एक आडवी फळी घ्या, १९ मिलिमीटर प्लाय, वीतभर रुंद. होल्डर त्या फळीवर आरपार बोल्टनं बसवा. फळी दोन्हीकडं काठाला सुताराच्या सी क्लॅम्पनं आवळा, मध्ये जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा घाला. होडीला एकही भोक नाही. एक सुट्टी पुढं लावून बसा, एक सुट्टी मागं. जाळी हातात घेऊन उभं राहून बघा, वल्हं मारून बघा, नांगराची दोरी कुठून जाते बघा. वल्हं मारताना कोपर रॉडला लागतं का बघा. मग पक्कं करायचं का ते ठरवा. माझ्या अंदाजानं तुम्ही फळीच कायमची ठेवाल.

नळीसाठी जिन्याचं रेलिंग करणाऱ्याकडं जा. कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. दीड इंची पाइप मागा, बाहेरून ३८ मिलिमीटर, दीड मिलिमीटर जाडी, म्हणजे आतून ३५. रॉडचं बूड आधी मोजून न्या. दोन इंची घेतलीत तर आतून ४८, रॉड आत घंटेच्या लोलकासारखा वाजत बसेल. एक गंमत सांगतो. तो तुम्हाला लोहचुंबक लावून दाखवेल आणि म्हणेल, बघा चिकटत नाही, ३०४ आहे. २०२ सुद्धा चिकटत नाही. रेलिंगमध्ये २०२ भरपूर असतं. तुमच्या कामाला तेही चालेल, जरा डाग पडतील. पण ३०४ चा भाव देऊ नका.

स्टीलच्या बोल्टला स्टीलचा नट कोरडा आवळू नका. जाम होतो, मग पुढं जात नाही आणि मागंही येत नाही, कापायलाच लागतो. बोटभर ग्रीस लावा. नट नायलॉनवाला घ्या.


अंकलीचा_आज्जा:

नातू टाइप करतोय, मी सांगतोय. आमची सगळी हयात कृष्णेच्या काठाला गेली, मांजरीच्या पुलाच्या अल्याड. २०१९ च्या पुरात गुळाच्या काहिलीत बसून वैरण आणली, त्यात कसला होल्डर आणि कसली फळी. पण एक इचारतो पोरा. तुझी होडी एका नांगरावर हुबी करतोस का दोन?

एकावर असंल तर वारं सुटलं की होडी गोल फिरती. गळ जाग्यावर आणि काठी फिरलेली. दोरा ताणतो, तुला वाटतं मासा लागला, आणि खरा लागला तवा कळत न्हाई. पुढं एक, मागं एक, दोन नांगर टाक. मग काठी कुठं बांधतोस त्याला अर्थ हाय.

आणि ड्रॅग का काय म्हणतोस ते ढिलं ठेव. बोटानं वढलं की दोरा आला पायजे. कटला तोंडात घेतो, जरा थांबतो, मग निघतो. निघाला की रीळ वरडली पायजे. तवा काठी उचल आणि मग आवळ. काठीच्या टोकाला घुंगरू बांध, डबा खाताना बी ऐकू येतंय.


मागवाला_वडगाव:

आज्जा, एकच नांगर होता, आणि तो पण नांगर कसला, मागाचं जुनं लोखंडी वजन. आता दोन केले, घरात वजनाला तोटा नाही.

सहा आठवड्यांनी लिहितोय, थोडं सविस्तर लिहितो कारण इथं लोक विचारून जातात आणि नंतर काय झालं ते कुणी सांगत नाही.

पेटी दहा दिवस वाळवली. आठ भोकं बुजवली. पहिला थर मी फार पातळ केला आणि तो उभ्या बाजूनं ओघळून खाली आला, दाढीसारखा. घासून परत केला. आता तिथं हात फिरवला तर उंचवटा लागतो, पण पाणी टाकून बघितलं, आत जात नाही.

फळी केली. रेलिंगवाल्यानं लोहचुंबक काढलंच! मी लेथवाल्यांचं वाक्य म्हणून दाखवलं, तो हसला आणि भंगाराच्या भावानं दोन तुकडे दिले. एक दीड इंची मिळाला, दुसरा मात्र दोन इंचीच होता. म्हणून दुसऱ्यात सायकलची ट्यूब दोन पदरी घातली. चालतंय, पण दर वेळी रॉडबरोबर ट्यूब थोडी वर येते. तो बदलायचाय. समोरची खाच ग्राइंडरनं कापली, अंगठ्याएवढी रुंद, आणि कडा कानशीनं गोल केल्या. पहिल्या दिवशी गोल न करता गेलो होतो, त्याची खूण अजून तळहातावर आहे.

नळ्या फळीला उभ्या न लावता बाहेर कलत्या लावल्या, टोकं एकमेकांपासून लांब जावीत म्हणून. दोघांत अडीच फूट अंतर. आधी दोन्ही एकाच बाजूला होते, दोघंही त्याच बाजूला बघत बसायचो आणि होडी कलायची. आता एक डावीकडं, एक उजवीकडं. पुढं लावून बघितली फळी, तिथं वल्हं अडतं. मागं लावली तर नांगराची दोरी. शेवटी मधल्या बैठकीपासून हातभर मागं जागा सापडली. ही जागा मी ड्रिल घेऊन आधी कधीच निवडली नसती.

दोरी बांधली. घुंगरू पण बांधलं, मेहुणीच्या पैंजणातलं, तिला माहीत नाही.

आणि मागच्या सुट्टीला मोठा रोहू लागला. रीळ ओरडली, घुंगरू वाजलं, मी रॉड सरळ वर उपसायला गेलो आणि भाच्यांनी सांगितलं तसा तो नळीत अडकला. मग आठवलं, मागं खेचला, निघाला. मेहुण्यानं जाळीत घेतला. घरी वजन केलं, पावणेचार किलो. फळी जागची हलली नाही. रबराखाली एका क्लॅम्पनं काठावर बारीक वळ उठवलाय, तिथं लाकडाची चकती घालणार आहे.

रॉडचं विचाराल तर अजून पाण्यातच. पाणी आता उतरायला लागलंय. मेहुणा रोज संध्याकाळी काठी घेऊन चिखलातून हिंडतो. आतापर्यंत तीन शिशाची वजनं आणि एक चप्पल.

पोटाचं मी त्याला सांगितलं. चहावर भागलं नाही, जेवण द्यावं लागलं.


लेथवाला_उद्यमबाग:

झकास. पावणेचार किलोला फळी हलली नाही म्हणजे ठीक आहे, पण दर वेळी निघण्याआधी क्लॅम्प एकदा आवळा, रबर दबत जातं.

आणि एक. पेटी वाळवायला बूच काढलं होतं ना, ते परत लावलंत का?


मागवाला_वडगाव:

लावलं. दुसऱ्या फेरीला.